आमचे दाजी आणि खटखटणारे जबडे

माणसाच्या चेहऱ्यात कानांपुढचे दोन सांधे सोडले तर बाकी सगळी भरताड आहे, असं मानणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी औरंगाबादेत वाकड्या दातांना तारा लावायला शिकवायचे. दात सरळ झाले की जबड्याची खटखट थांबते का, यावर त्यांचं बरीच वर्षं संशोधन चाललं होतं. थांबते, हे मनानं कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त पुरावा जमवायचा होता. त्यामुळे पंगतीत त्यांच्यासमोर बसून घास चावायची कुणाची छाती होत नसे. माझ्या लग्नात तर त्यांनी ऐन मांडवात माझ्या सासऱ्यांच्या कानांपुढे बोटं टेकवली. "आ करा. मिटा. हं, डावा वाजतोय!" सासरे अजूनही दाजी दिसले की डावा गाल धरतात.

दाजींच्या या संशोधनातली एक पेशंट मुलगी तारा निघाल्यावर लग्न होऊन पाचोडला गेली आणि शेवटच्या तपासणीला आलीच नाही. आधीच्या बऱ्याच जणांची खटखट तशीच राहिली होती. पण हिचा जबडा सगळ्यांत जोरात वाजायचा, म्हणून दाजींची सारी आस हिच्यावर. मला गाडीत घालून त्यांनी बाजाराच्या दिवशी पाचोड गाठलं. मिरच्यांच्या ढिगामागं तिची सासू बसली होती.

"सूनबाईंचं तोंड बघायचंय," दाजी म्हणाले.

"सूनमुख कवाच झालं!" सासू कडाडली. "तुमी कोण बघणार?"

माणसं जमली. कुणी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात मुलगीच "अगं बाई, सर!" म्हणत धावत आली, म्हणून आम्ही वाचलो. तिथंच पोत्यावर बसवून दाजींनी बोटं टेकवली. खट्. पुन्हा खट्. दाजींचा चेहरा उतरला. वहीत लिहिलं, 'आवाज कायम.'

"बाजाराचा गोंगाट होता म्हणा," मी कुजबुजलो.

"बोटांना गोंगाट ऐकू येत नाही."

"वाजू द्या की सर," मुलगी म्हणाली. "दुखत तर नाय. पण आधी मी तोंडावर ओढणी धरून हसायची. आता लई खुशाल हसते."

"व्हय, आन् आवरतच नाय!" सासूनं पुष्टी दिली, आणि दोघी हसल्या.

परतीच्या वाटेवर आडूळ गावाजवळ दाजींनी वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "दात सरळ केल्यानं खटखट थांबत नाही, असंच लिहावं लागणार." पुढं लिहिलंही तसंच.

"आणि ती हसते, ते?"

"त्याचा रकानाच नाही रे." त्यांनी वही मिटली. "इतकी वर्षं लोकांच्या कानांपुढं बोटं धरून बसलो. एकदाही कुणाला हस म्हटलं नाही."