शिकंजीचा घोट

टीव्हीवर मी पहिल्यांदा दिसले ती बातम्या वाचताना. गल्लीतल्या केबलवर नळाला पाणी कधी येणार, कुणाची गाय हरवली, असल्या बातम्या. मग दुकानांची उद्घाटनं केली, लोकांच्या लग्नांत माइक धरला, हळदीकुंकवाला बायकांचे खेळ घेतले आणि शेवटी खाण्याच्या कार्यक्रमात स्थिरावले. इंदूरमध्ये खाण्यावर बोलून पोट भरणं सोपं. इथला माणूस सकाळचे पोहे खाताना संध्याकाळच्या कचोरीचं ठरवत असतो.

गेल्या वर्षीच्या तापात माझी चव गेली. डॉक्टर येईल म्हणाले, आली नाही. हे मी फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं. कार्यक्रम माझ्याकडे राहावा एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी चव लागतच नव्हती. आमच्या धंद्यात पदार्थ कसा झालाय हे शूटिंगच्या आधीच ठरलेलं असतं. घास तोंडात, डोळे मिटायचे, जरा थांबून "वाह, क्या बात है" म्हणायचं. कट झाला की घास बादलीत.

एका शूटिंगला निर्मात्यानं शिकंजीचा ग्लास हातात दिला. आमची शिकंजी म्हणजे दुधाची, घट्ट, गोड.

"ताईजी, बड़ा घूँट लेना, क्लोज-अप है."

घेतला. डोळे मिटले. "वाह, क्या बात है. बचपन याद आ गया."

कट आलाच नाही. कॅमेऱ्यामागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ताईजी, शक्कर की जगह नमक था. मुट्ठी भर के," निर्माता म्हणाला. कॅमेरा चालूच होता. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? "आपकी बहनजी ने. बोलीं, दीदी को तो टेस्ट ही नहीं आता, हमारी बिटिया को देख लो एक बार."

ती क्लिप अख्ख्या शहरानं पाहिली. भाजीवालाही मला विचारू लागला, "दीदी, टमाटर मीठे हैं ना?" कार्यक्रम भाचीला मिळाला. बोलते चांगलं, मेली. माझीच नक्कल करते.

दिवाळीत बहिणीनं तुकोगंजच्या घरी फराळाला बोलावलं. मी गेले. लाज सोडूनच गेले, कारण भाचीच्या कार्यक्रमात अधूनमधून तरी बोलावतील अशी आशा होती. बहिणीनं श्रीखंडाची वाटी पुढ्यात ठेवली आणि सगळे बोलायचे थांबले. बहिणीचे जावई मान खाली घालून हसू दाबत होते. भाचीनं मोबाइल वर धरला.

मी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणायचं ते म्हणाले. यावेळी बादली नव्हती. गिळलं.

"मावशी, एकदा परत बोल ना, वो वाला वाह," भाची म्हणाली. "लाइट बरोबर नव्हता आला."

मी परत बोलले. अख्खी वाटी संपवली. तिच्यात काय होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.