हौद्याच्या काठावरचा बाप

मार्चचं ऊन सकाळीच चटके देत होतं. छाणीच्या आखाड्यात विश्वंभर वस्तादांनी कुस्तीचा हौदा खणला, ताक-हळद घालून माती कालवली, ढेकळं फोडली. वीस वर्षं त्यांचा एकच नियम होता, कुस्ती चालू असताना कुणाच्या आईबापानं हौद्यात पाय टाकायचा नाही. गेल्या वर्षी आत धावलेल्या एका बापाला त्यांनी कॉलर धरून बाहेर फेकलं होतं.

आठला त्यांची लेक अवंती करजणच्या हेतलशी भिडली. पंच वस्तादच. हेतलनं अवंतीचा हात पिरगाळून पाठीवर नेला. डाव नियमातलाच होता. खांदा कटकन वाजला, तरी अवंतीनं हार मानली नाही, मातीत तोंड खुपसून कण्हत राहिली.

वस्तादांची लाथ हेतलच्या बरगडीत बसली. दुसरी तोंडावर. पोरीचा ओठ फाटला.

"शिट्टी होती ना तुमच्या हातात, बाबा?" अवंती खांदा दाबत म्हणाली.

हेतलचे वडील अल्पेशभाई काठावर उभे होते. पाय आत टाकला नव्हता.

"वस्ताद, हवे मने अंदर आववा देशो?" आता तरी आत येऊ द्याल का, असं त्यांनी विचारलं.

"या," वस्ताद म्हणाले.

अल्पेशभाईंनी येऊन त्यांचं नाक फोडलं. वस्तादांनी हात उचलला नाही. मग अल्पेशभाईंनी हेतलला उचललं नि रिक्षात घातलं. अवंतीही तिच्याशेजारी जाऊन बसली.

वस्तादांनी शिट्टी खुंटीला टांगली. रक्त सांडलेली माती उपसून टाकली आणि फावडं घेऊन हौदा पुन्हा खणायला लागले.