बसलेल्या पायानं कोण धावते

"घसरली."

दुकानात पाय ठेवला की त्याचा पहिला शब्द हा. रामराम नाही, कसं काय चाललंय नाही. शर्टाच्या खिशातून काचेची हिरवी गोटी काढायची, समोर दिसेल तो बूट उचलून बाकावर सरळ ठेवायचा आणि गोटी आत टाचेच्या जागी सोडायची. गोटी घरंगळत पंजाकडे जायची. मग दोन बोटं आत घालून तिला बाहेर ओढायची, शर्टाला पुसायची आणि म्हणायचं, "घसरली. मागं उंच आहे भाऊ."

माझं अहेरीत आठवडी बाजाराच्या रस्त्यावर चपला-जोड्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं झाली, या दोन हातांनी बनवतो आणि विकतो. शाळा चौथीपर्यंत. पण झिजलेली चप्पल दाखवा, माणूस कसा चालतो ते सांगतो. आता अशा माणसाच्या दुकानात येऊन कोणी त्याच्याच मालाला गोटी लावून तपासत असेल, तर डोकं फिरणार की नाही, तुम्हीच सांगा. बुटाची टाच उंच असतेच. माझ्या बापानं तशीच बनवली, मीही तशीच बनवली, आणि गिऱ्हाइकाचं ऐकून हात बदलायची मला सवय नव्हती.

तो डाकवाला होता, खेड्यापाड्यातला, ज्यांना साठीनंतरही काम असतं. अहेरीपासून आत जंगलातल्या तीन गावांची डाक त्याच्याकडे. पावसाळ्यात नाले भरले की सायकल जात नाही, म्हणून तो पायी जायचा, आणि त्याचं पायी म्हणजे धावत. म्हणायचा, चाललो तर थकतो. चपला पिशवीत, पिशवी पाठीवर, पाय मोकळे. तसे पाय मी दुसरे पाहिले नाहीत. टाचेकडे तुमच्याआमच्यासारखे आणि पुढं सुपासारखे पसरलेले. पाचही बोटं एकमेकांपासून सुटी, भाऊ-भाऊ वाटण्या करून वेगळे राहतात तशी.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत इकडची अर्धी गावं विडीची पानं तोडायला जंगलात असतात. दाराला कुलूप. दुसरा कोणी असता तर पाकीट परत पाठवून मोकळा झाला असता. हा विचारत विचारत पानं तोडतात तिथवर जायचा. एकदा एका बाईच्या मुलीचं नर्सिंगच्या शाळेतून पत्र आलं होतं, ते द्यायला भर उन्हात दोन तास धावला. मी त्याला म्हणालो, उद्या दिलं असतं तर काय बिघडत होतं? तो म्हणाला, "पत्ता चुकते भाऊ. माणूस सापडते."

हे वाक्य त्याचं नेहमीचं. कशालाही लावायचा. बाजारात मिरची महाग झाली तरी लावायचा.

चंद्रपूरकडे जंगलात दर हिवाळ्यात एक शर्यत होते. डांबरी रस्त्यानं नाही, पायवाटेनं. चढ, उतार, दगड, नाला, एकवीस किलोमीटर. शहरातली माणसं हौसेनं धावायला येतात. हे त्याला कळलं तेव्हा त्याला त्रेसष्टावं लागलं होतं. आयुष्यभर जे फुकट केलं त्याची शर्यत असते, याचंच त्याला हसू आलं. नाव नोंदवलं, पहाटे तिथं पोचला, आणि अनवाणी म्हणून त्याला सोडलं नाही. काटे आहेत, साप आहेत, पायात बूट पाहिजे, असा नियम. हा तिथं उभा राहून बाकीच्यांचं धावणं पाहून परत आला.

"पासष्टीपर्यंतच घेते म्हणे," त्यानं मला सांगितलं. "दोन हिवाळे राह्यले."

मग बूट शोधणं सुरू झालं. चंद्रपूरची सगळी दुकानं त्यानं गोटी घेऊन पालथी घातली. सगळीकडे घसरली. एका दुकानात तर गोटी बुटाच्या टोकात जाऊन अडकली आणि ती काढायला तीन माणसं तो बूट झटकत बसली. रुंदीचं विचारलं की प्रत्येक दुकानदाराचं एकच उत्तर, दोन नंबर मोठा घ्या. त्यानं तोही घालून पाहिला. अंगठ्यापुढं लिंबू मावेल एवढी जागा रिकामी आणि करंगळी तरीही भिंतीला चिकटलेली. पाय लांब नव्हता हो, रुंद होता. एवढी साधी गोष्ट कोणाला कळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हती. दोन नंबर मोठा घे, असं मीही त्याला दोनदा सांगितलं होतं.

कोणीतरी सांगितलं की पुढं रुंद आणि टाचेपासून पंजापर्यंत सपाट असे धावायचे बूट असतात, मोबाइलवर मागवता येतात. गावातल्या मास्तरानं मागवून दिले. पार्सल आलं ते त्याच्याच पिशवीत. ते पाठीवर घेऊन हा धावत स्वतःच्या घरी गेला, स्वतःलाच दिलं, स्वतःचीच सही घेतली. गोटी जागची हलली नाही, पण रुंदी कोणा दुसऱ्याच्या पायाची निघाली. दुसऱ्या दिवशी तेच पार्सल पाठीवर घेऊन परत. मला म्हणाला, "पत्ता बराबर होता भाऊ. माणूस चुकला."

आणि मग बाकावर बसून म्हणाला, "आता तुमी बनवा."

मी त्याला साफ सांगितलं, सपाट बनवायचा तर चप्पल बनवून देतो, बूट म्हणशील तर टाच येईल. तो नाही म्हणाला. मी नाही म्हणालो. चहा आला, प्यायलो, पुन्हा दोघंही नाही म्हणालो. शेवटी माप तर घेऊ म्हणून मी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि पाय ठेव म्हणालो. तो बाकावरून उठून उभा राहिला.

"बस खाली," मी म्हणालो. "माप बसून घेतात."

"बसलेल्या पायानं कोण धावते भाऊ?"

मला रागच आला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला बाकावर बसवून माप घेत आलो. तो काही बसेना, तेव्हा मी गुडघ्यावर बसून त्याच्या उभ्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग त्याला जबरदस्तीनं बसवलं आणि त्याच कागदावर पुन्हा फिरवली. दोन रेघांमध्ये अर्ध्या बोटाचं अंतर पडलं. मी तो कागद घाईनं गुंडाळून ठेवला. त्यानं पाहिलं होतं. बोलला असता तर बरं झालं असतं.

बूट ज्यावर चढवून शिवतात तसा माझ्याकडचा एकही लाकडी फर्मा त्या पायाचा नव्हता. मोठ्यात मोठ्या फर्म्याला चामड्याचे तुकडे ठोकून ठोकून मी रुंदी वाढवली. पहिला जोडा झाला. गोटी घसरली. दुसरा झाला. गोटी कमी घसरली, पण करंगळी अडली. तो रागवायचा नाही, हेच मला सहन होत नव्हतं. गोटी पुसायची, खिशात टाकायची, आणि "पुढच्या बाजाराले येतो" म्हणून निघायचं.

तिसऱ्या जोड्याला मी काय केलं ते आता लिहितो.

रुंदी बरोबर केली, कागदावरच्या बाहेरच्या, उभ्या पायाच्या रेघेनं. पण टाचेखाली बोटभर रबर घातलंच. बाहेरून कळू नये म्हणून कडेनं टायरची पट्टी एकसारखी फिरवली. आणि आत, टाचेच्या जागी, रापीनं, चामडं कापायच्या सुरीनं, उथळ खड्डा कोरून वर अस्तर चिकटवलं. गोटी त्यात बसणार आणि हलणार नाही. त्याला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. हरवायचं होतं. शर्यत धावून आला की मी सांगणार होतो, बघ, टाच होती आणि तरी धावलास.

गोटी बसली. हलली नाही. बूट घालून तो दुकानासमोर चार पावलं धावला, जरा थांबला, म्हणाला थोडं वेगळं लागते. मी म्हणालो, नवा आहे. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. एवढा वेळ कोणी माझा हात धरला नव्हता.

शर्यतीनंतरच्या बाजाराला तो आला तो नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात घातलेला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. बूट पाहून त्याला शर्यतीत सोडलं होतं. चढ झाला, नाला झाला, सपाट वाट झाली, सगळं चांगलं झालं. मग लांब उतार लागला. मागची टाच ढकलायला लागली, पाय आत पुढं सरकायला लागला, प्रत्येक पावलाला नख भिंतीवर. शेवटी त्यानं बूट काढून गळ्यात टाकले आणि धावला. पुढं जिथं पाणी देतात तिथं त्याला थांबवलं. बूट आहेत की माझ्याजवळ, असं त्यानं गळ्याकडे बोट दाखवून सांगितलं म्हणे. ते हसले, त्याला केळं दिलं आणि गाडीत बसवलं. तीन किलोमीटर राहिले होते.

हे सांगून त्यानं बूट बाकावर ठेवला आणि गोटी सोडली. बसली. मग गोटी उचलून त्या जागी अंगठा दाबला, जसा आपण आंबा पिकला का पाहतो.

"गोटी खोटं बोलत नाई भाऊ," तो म्हणाला. "तिले खड्ड्यात बसवलं तं ते काय करन?"

माझ्या तोंडात खरं ते आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच. मी म्हणालो, उतारावर जरा दमानं घ्यायचं असते.

त्यानं मान हलवली, जणू ही सूचना त्याला उपयोगी पडणार होती. गोटी बुटात ठेवली, बूट बाकावरच सोडले आणि गेला. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, मला अजून समजलेलं नाही. पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी त्याच्या नावानं चिडायचो. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस यायचं बंद करतो का? मग त्या हिरव्या गोटीकडे नजर जायची आणि आणखी चिडायचो.

पावसाळ्यात धंदा मंद असतो तेव्हा मी तो मापाचा कागद काढला. नवा जोडा अगदी पहिल्यापासून बनवला. टाच नाही. मागं जेवढं रबर, पुढं तेवढंच. पुढं पाच बोटं पाच दिशांना जातील एवढी जागा. गोटी टाचेत ठेवली, मधे ठेवली, अंगठ्यापाशी ठेवली. जिथं ठेवली तिथं राहिली. मी स्वतः पायात घालून पाहिला. माझी बोटं आत एकमेकांना चिकटून एका कोपऱ्यात बसली होती, जागा असून.

बूट खोक्यात घातला, त्यात गोटी टाकली आणि त्याच्या गावच्या पत्त्यावर डाकेनं पाठवला. त्याचा शेवटचा हिवाळा यायचा होता.

दसऱ्याच्या आधी खोकं परत आलं. आमच्या भागाची डाक आता एक बाई वाटते, स्कूटीवर. तिनं सांगितलं, तिथल्या नव्या डाकवाल्यानं दोन चकरा मारल्या, घराला कुलूप आहे. जुना डाकवाला नोकरीतून सुटला आणि लेक त्याला वरोऱ्याला घेऊन गेली. वरोऱ्यात कुठं, ते कोणाला ठाऊक नाही.

"इथी सही करा भाऊ," ती म्हणाली.

मी खोकं हातात घेतलं. आत खडखडलं.

"ह्याच्यात काय वाजून राह्यलं?"

"गोटी आहे," मी म्हणालो.

आणि मला जाणवलं, की तो अजून डाकवाला असता तर हे पार्सल परत आलं नसतं. त्यानं पाठीवर घेऊन धावत वरोरा गाठलं असतं, विचारत विचारत स्वतःचं घर शोधलं असतं आणि स्वतःची सही घेतली असती.

मी तिचा पेन घेतला. सही केली नाही. गावाच्या नावावर काट मारली आणि खाली माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: मुक्काम वरोरा, लेकीच्या घरी. म्हातारा आहे. पाय पुढं रुंद आहेत. अनवाणी धावतो. विचारलं तर कोणीही सांगेल.

तिनं खोकं घेऊन दोनदा वाचलं.

"भाऊ, ह्याले पत्ता नाई म्हणत."

"पत्ता चुकते बाई," मी म्हणालो. "माणूस सापडते."

तिनं खोकं माझ्यासमोर धरलं. तिकिटं पुन्हा लावावी लागतील म्हणाली, मी लावतो म्हणालो. असं पोचत नाही म्हणाली, मी खोकं परत घेतलं नाही. शेवटी तिनं ते पिशवीत टाकलं. स्कूटी बाजाराच्या तोंडाशी गतिरोधकावरून उडाली तेव्हा गोटीचा आवाज दुकानापर्यंत आला.

थंडी पडायला अजून दीड महिना आहे.