सोडियमचा बैल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं, की हर्सूलच्या आमच्या घरी सोडियमच्या एका इलेक्ट्रॉनपायी सकाळचा स्वयंपाक बेमुदत तहकूब झाला होता.

झालं असं, की मुलगी शिकायला बाहेर गेली आणि बायकोनं बऱ्याच वर्षांनी शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केला. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेनं तिला नमुना पाठ घ्यायला बोलावलं. वर्ग नववीचा, विषय रासायनिक बंध. पाठ रंगला तर नोकरी, नाहीतर दिवसभर माझं तोंड बघणं. या दुसऱ्या शक्यतेनं ती भलतीच धास्तावली होती.

सरावाला श्रोते दोन. एक मी आणि दुसरी करमाडहून आलेली माझी आई, मेथी निवडत बसलेली.

"सहसंयुज बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात," बायको म्हणाली.

मला जांभई आली. "लग्नाचं उदाहरण दे की."

"आपली कशात भागीदारी आहे? पांघरुणात? ते तर सगळं तुमच्याच अंगावर असतं!"

आईनं मान वर केली. "म्हंजे सावड का गं?"

सावड म्हणजे, दोघांकडं एकेकच बैल असला की त्यांनी जोडी जमवायची आणि तिच्यावर दोघांचीही रानं नांगरायची.

बायको उभ्या जागी थबकली. "आत्याबाई, मग जोडी दोघांची?"

"दोघांची. पर एखादा वढाळ असतो, त्यो जोडी आपल्याच रानात जास्त ठिवतो."

"अहो, हे तर पाणी! ऑक्सिजन हायड्रोजनशी अगदी असाच वागतो, भागीदारीतले इलेक्ट्रॉन आपल्याकडंच जास्त ओढतो!"

"आणि मीठ?" आता मलाही चेव आला.

"तिथं सावड नाही. सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो. मग हा धन, तो ऋण, आणि दोघं चिकटून बसतात. तो आयनिक बंध."

"बैल दिला आन् वर चिकटला?" आईनं हातातली मेथी खाली ठेवली. "व्हय, खरं हाय. ज्याचा बैल गेला त्यो दुसऱ्याच्या दारातून हालतच नाय."

तांब्याच्या तारेतले मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे गायरानात सोडलेली गावाची गुरं, हेही मग ठरलं. मेथी तशीच राहिली.

शाळेत मी व्हरांड्यात, खिडकीला कान लावून. बायकोनं घाबरून थेट "सहसंयुज"पासूनच सुरुवात केली. पोरं पेंगली. मागं बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई घड्याळ बघू लागल्या. संपलं, म्हटलं. आता उरलेला जन्म माझं तोंड!

तेवढ्यात तिनं पुस्तक मिटलं. "सावड कुणाच्या गावी करतात?" निम्मा वर्ग हात वर करून उभा! तिनं फळ्यावर दोन बैल काढले. बैल कसले, शेळ्याच त्या. पोरं खिदळली, पण जागी झाली. मग ओढाळ ऑक्सिजन आला, आणि शेवटी बैल देऊन क्लोरीनच्या दाराशी ठिय्या मांडलेला सोडियम.

निकाल नंतर कळवणार होते. पण मुख्याध्यापिकाबाई ताडकन उठल्या आणि सगळ्या वर्गासमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! आमच्या दिरांनी बैल नेला अन् आमचे हे अजून त्यांच्याच ओट्यावर बसून असतात, ते आयनिक व्हय! बाई, तुम्ही सोमवारपासूनच या!"