न वाचलेलं अकरावं प्रकरण

माझी आत्या सव्वीस वर्षं एकाच वाचनालयात कामाला होती. तिथले वाचक तिला 'यादीबाई' म्हणायचे. घरात तिला नावं ठेवणारे आम्ही पुष्कळ होतो, पण हे नाव लोकांनी कौतुकाने ठेवलेलं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला ती दाराशेजारच्या फळ्यावर पाच पुस्तकांची यादी लिहायची आणि प्रत्येक पुस्तकापुढे दोन ओळींची शिफारस. अक्षर असं, की छत्री मिटता मिटता माणूस थांबून वाचायचाच.

यादी सुरू झाली ती खिडकीजवळच्या लांब टेबलासाठी. तिथे रोज सकाळी तीन म्हातारे बसायचे. एक निवृत्त गणिताचे मास्तर, दुसरे औषधाचं दुकान मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले दुकानदार, आणि तिसरे तरुणपणी लढाई पाहून आलेले फौजी. तिघेही जुन्या वळणाचे. त्यांना लढायांचा इतिहास हवा, हेर हवेत, पाठलाग हवा, पण पुस्तक घरात मोठ्याने वाचता आलं पाहिजे. शिवीगाळ नको, गणवेशाची टवाळी नको, आणि शेवटी गुन्हेगार सापडलाच पाहिजे.

"हल्ली गुन्हेगारच बिचारा निघतो," मास्तर म्हणायचे. "मग आम्ही तीनशे पानं त्याच्या मागे धावलो ते कशाला?"

हळूहळू अशा आवडीचे चाळीसेक वाचक निघाले. कुणी मुलासाठी विचारायचं, कुणी आजारी सासऱ्यांसाठी. यादीबाईंनी सांगितलं म्हणजे डोळे झाकून न्यावं, असं झालं.

आणि यादीबाई ती पुस्तकं वाचत नव्हत्या.

पहिलं वर्षभर आत्याने खरंच वाचली होती. मग एका महिन्यात नव्या पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले, नोंदी करायच्या राहिल्या, आणि तिने मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून शिफारशी लिहिल्या. नेमकी त्याच यादीची सगळ्यात जास्त वाहवा झाली. तिथून पाणी मुरायला लागलं. मलपृष्ठ, अनुक्रमणिका, पहिलं पान, शेवटचं पान; वीस मिनिटांत पुस्तक हातावेगळं. 'श्वास रोखून धरायला लावणारं', 'एका बैठकीत संपेल असं', 'डोळे भरून येतात'. ठेवणीतले शब्द होते, आलटून पालटून वापरायचे.

मी तेव्हा शिकायला तिच्याकडे राहत होते. तिला स्वतःला कविता आवडायच्या. त्या टेबलाबद्दल ती घरी म्हणायची, "अगं, यांना लागतं काय? पहिल्या पानावर स्फोट, शेवटच्या पानावर झेंडा. मधली पानं कुणी बदलली तरी कळायचं नाही." मी खो खो हसायचे. ते हसणं आठवलं की आजही कसंतरी होतं.

त्या वर्षी डोंगरातल्या एका जुन्या लढाईचा जाडजूड इतिहास आला. लिहिणारा स्वतः त्या लढाईत अधिकारी होता. आत्याने अनुक्रमणिका चाळली. अकराव्या प्रकरणाचं नाव होतं 'पूल'. पूल म्हटल्यावर तिथे कुणीतरी धारातीर्थी पडलंच असणार, असा तिने हिशेब केला आणि फळ्यावर लिहिलं : 'मूठभर जवानांच्या शर्थीची कहाणी. अकरावं प्रकरण वाचताना डोळे भरून येतात.'

पुस्तक पहिल्यांदा फौजींनी नेलं. माणूस अबोल. पाठ ताठ, बुटांना पॉलिश, पुस्तक परत करताना रुमालाने पुसून द्यायचे. आठवड्याने ते आले ते भर दुपारी, टेबल रिकामं असताना. पुस्तक काउंटरवर ठेवलं, पण हात त्याच्यावरून काढला नाही.

"बाई, एक विचारू?"

"विचारा की."

"अकराव्या प्रकरणात तुमचे डोळे भरून आले म्हणता. ते कोणासाठी?"

आत्याने ते प्रकरण उघडूनही पाहिलेलं नव्हतं. पण सहा वर्षांच्या सवयीने जिभेला वळण लागलेलं होतं.

"असं एकाचं नाव कसं घेणार? सगळ्यांसाठीच."

"सगळ्यांसाठी?" त्यांनी मान वर केली. "त्याच्यासाठीसुद्धा?"

'तो' कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. पण समोरच्या चेहऱ्यावर असं काही होतं की नाही म्हणवेना. ती म्हणाली, "त्याच्यासाठी तर जास्तच."

फौजी शेजारच्या स्टुलावर बसले.  चष्मा काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"तो मी होतो, बाई."

आत्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली. पाण्याचा पेला भरून पुढे केला, आणि पाणी देताना माणूस जे बोलतो ते बोलली. "झालं ते झालं. किती दिवस मनात ठेवायचं?"

"इतकं कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. पाणी प्यायले, पुस्तक तिथेच ठेवून गेले. दारातून बाहेर पडताना त्यांनी तिला हात जोडले.

ते गेल्यावर आत्याने दाराला आतून कडी लावली, जेवणाचा डबा बाजूला सारला आणि अकरावं प्रकरण उघडलं. बावीस पानं होती.

त्या प्रकरणात शर्थबिर्थ काही नव्हती. एका तुकडीचे सतरा जण पुलापलीकडे होते. पूल उडवायचा ठरला, तेव्हा त्यांना आधी मागे बोलवायचा निरोप बिनतारी संचावरून धाडला गेला. पुलाच्या अलीकडे संचावर बसलेला शिपाई तोफांच्या माऱ्याला भिऊन जागा सोडून पळाला होता. निरोप घेऊन पलीकडे कळवणारं कुणी नव्हतं. ठरल्या वेळी पूल उडाला आणि ते सतरा जण पलीकडेच राहिले. त्यातला एकही परतला नाही. शिपाई दुसऱ्या दिवशी जखमी सापडला. संच गोळ्याने फुटला म्हणून निघालो, असं त्याने सांगितलं, आणि त्या गोंधळात ते खपून गेलं. पण लेखकाने पुढे आपल्या डोळ्यांनी तो संच पाहिला होता. त्याला ओरखडाही नव्हता. शिपायाचं नाव त्याने छापलं नव्हतं, एवढीच दया.

आत्याला आधी फौजींचा संताप आला. सतरा पोरं! पुस्तकात त्यांची वयंही होती. मग तिच्या लक्षात आलं की या माणसाला आपण तासाभरापूर्वी माफ करून बसलोय. तसा अधिकार तिला नव्हताच. आणि दिली ती माफीही न वाचता, पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का मारावा तशी.

संध्याकाळी घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं. मी म्हणाले, "जाऊ दे ना आत्या. त्यांना बरं वाटलं की नाही?"

"डोळे मिटून दिलेली गोळी लागू पडली म्हणून मी डॉक्टर होत नाही," ती म्हणाली आणि न जेवता उठली.

तरी लगेच जायचं धाडस झालं नाही. दोन दिवस तिने आज जाऊ, उद्या जाऊ केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. दार फौजींच्या बायकोने उघडलं. नाव सांगताच बाईंनी आत्याचे दोन्ही हात धरले.

"या, या. तुमचे उपकार कसे फेडू? परवा यांनी मला सगळं सांगितलं. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. म्हणाले, बाईंनी सगळं वाचून मला माणूस म्हटलं, मग तुझ्यापासून कशाला लपवू?"

आत्या मला म्हणाली होती, त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आतल्या खोलीत फौजी मटार सोलत बसले होते. ते उठायला लागले तशी ती म्हणाली, "उठू नका. माझ्यासाठी उठू नका. मी तुम्हाला खोटं बोलले."

"काय खोटं?"

"मी ते प्रकरण वाचलेलं नव्हतं. पुस्तकच वाचलेलं नव्हतं. डोळे भरून येतात हे मी असंच लिहिलं. तुम्ही 'तो' म्हणालात तो कोण, हेही मला कळलं नव्हतं."

 फौजींनी हातातली शेंग तशीच अर्धवट उघडी ताटलीत ठेवली.

"आणि आता वाचलंत?"

"वाचलं. तीनदा."

"मग आले का डोळे भरून?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, असं आत्या सांगते. ती म्हणाली, "नाही. मला तुमचा राग आला."

 फौजी बोलले, पण आवाज चढला नव्हता. "राग यायलाच हवा. त्याची तयारी करूनच मी तुमच्याकडे आलो होतो, बाई. शिव्या खाऊन परत जाईन म्हणून आलो होतो. तुमच्या भरवशावर मी हिला सांगून बसलो. आता हिच्याकडून परत कसं घेऊ?"

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "परत घ्यायची गरज नाही." पण ते तिने नवऱ्याकडे न पाहता म्हटलं, आणि आत्याला बसा म्हणायला ती विसरली.

आत्या उभ्या पावली परतली. वाचनालय उघडलं आणि महिन्याची यादी पुसून फळ्यावर लिहिलं : 'गेल्या सहा वर्षांतल्या यादीतली बहुतेक पुस्तकं मी वाचलेली नव्हती. वाचकांची फसवणूक झाली. यापुढे वाचेन तेवढंच लिहीन.' खाली सही.

कार्यवाह धावत आले. "पुसा हे! वाचनालयाची अब्रू जाते."

"सही माझी आहे," आत्या म्हणाली. "अब्रूही माझीच जाईल."

मास्तर फळ्यासमोर उभे राहिले आणि उलटतपासणीला लागले. "ते पाणबुडीचं वाचलं होतंत?"

"नाही."

"विषप्रयोगाचं?"

"नाही."

"आणि ते बंदरातल्या खुनाचं? खुनी शेवटच्या पानापर्यंत कळत नाही, असं लिहिलं होतंत ते?"

"त्याचं शेवटचं पान वाचलं होतं," आत्या म्हणाली. "म्हणूनच तसं लिहिता आलं."

दुकानदारांना हसू फुटलं. मास्तरांना नाही फुटलं. "मी तुमच्या शब्दावर माझ्या नातीला पुस्तकं दिली," एवढंच ते बोलले आणि टेबलाकडे गेले. पुढे महिनाभर त्यांनी तिच्याकडून पुस्तक घेतलं नाही. कार्यवाहांकडून घ्यायचे, तेही तिच्यासमोर. फौजींची खुर्ची तर रिकामीच होती. का येत नाहीत, हे त्या दोघांना माहीत नव्हतं, आणि आत्याने कधी तोंड उघडलं नाही.

ती आता खरंच वाचायला लागली. पाचाची यादी एकावर आली. मला वाटलं, शिक्षा म्हणून वाचतेय. पण एका हेरकथेपायी तिने दोनदा दूध उतू घालवलं, आणि एका वेढ्याच्या इतिहासातला नकाशा तिने माझ्याकडून वहीत उतरवून घेतला, कारण वाट कुठून गेली ते तिला समजल्याशिवाय पुढे जाववत नव्हतं. एकदा म्हणाली, "ही माणसं काही झेंड्यासाठी वाचत नव्हती गं. वेळ आल्यावर माणूस काय करतो, ते बघायला वाचत होती. आणि मी बसले होते हसत." मी खाली मान घातली. मीही हसत होतेच.

तिसऱ्या महिन्यात फौजींची बायको वाचनालयात आली. पहिल्यांदाच. काउंटरशी उभी राहून म्हणाली, "त्यांनी पाठवलेलं नाही. मलाच पुस्तक हवंय. लढाईचं. पण लढाई संपल्यावर माणूस घरी येतो, मग त्याच्याशी घरच्यांनी कसं राहायचं, असलं काही."

पूर्वीच्या आत्याने वीस मिनिटांत तीन पुस्तकं काढून दिली असती. ही म्हणाली, "असं मी काही वाचलेलं नाही, वहिनी. शोधते. आधी वाचते, मग सांगते."

"थांबते मी," बाई म्हणाली. "इतकी वर्षं थांबलेच की, न कळता."

आत्याला तीन आठवडे लागले. दोन पुस्तकं पूर्ण वाचून तिने बाजूला ठेवली, तिसरं दिलं. त्यावर बाई काय म्हणाली, हे आत्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

फौजी आले ते आणखी दीड महिन्याने. टेबलाशी बसले. दुकानदारांनी तब्येत विचारली, त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं. पुलाचं त्यांनी मित्रांना कधी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. उठताना ते फळ्यापाशी थांबले, त्यावरचं एकुलतं एक पुस्तक शोधून काउंटरवर घेऊन आले. आत्याने नोंद लिहायला घेतली, पण वर बघायचं धैर्य होईना. 

"वाचलंय?" त्यांनी विचारलं.

"अर्धं," ती म्हणाली. "फळ्यावरही 'अर्धं वाचलं' असंच लिहिलंय."

"मग अर्ध्यापर्यंतचं सांगा."

तिने सांगितलं. उभ्याउभ्या, त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत, दीडशे पानांत जेवढं होतं तेवढं. मध्येच एक गाव चुकलं, ते परत मागे जाऊन दुरुस्त केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पुस्तक काखेत मारलं आणि गेले. हात काही जोडले नाहीत.