शहाऐंशी जोडलेले हात

टेलरमास्तरांच्या बायकोला राग यायचा, नाही असं नाही, पण तो ती शिलाई मशीनच्या पायडलवर काढायची. वीस वर्षं दोघं एकाच दुकानात पाठीला पाठ लावून बसली. ते पँटी कापायचे, ही काजं-बटणं करायची. तोंड उघडायची पाळी तिच्यावर कधी आली नाही.

मग मास्तरांना रक्ताचा कॅन्सर निघाला, आणि थोरल्या दिरांनी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘मास्तरला थोडा अशक्तपणा आहे. काळजी नसावी.’ झालं! शहाऐंशी माणसांनी हात जोडले, गुलाब पाठवले. एका आतेभावाने पालकाचा रस सुचवला. पालकाचा रस, म्हणे!

इकडे डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट झपाट्याने उतरताहेत, उद्या सकाळी रक्त द्यायला चार माणसं आणा. तिने दिरांना फोन लावला.

“भाऊजी, ग्रुपवर खरं काय ते लिहा.”

“माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. घराण्यात असला आजार आहे म्हटल्यावर कोण करून घेईल तिला? घरचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं नसतं.”

“मग माणसं कुठून आणू?”

“मी प्रार्थनेचा मेसेज टाकतो.”

तिच्या मस्तकात तिडीक गेली. सख्खा भाऊ मरायला टेकलाय, आणि ह्यांना अब्रू सुचतेय. चुलीत घाला असली अब्रू! सुनांनी ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहायचं नाही, हा घराण्याचा कायदा. तिने तो मोडला. ‘यांना ब्लड कॅन्सर आहे. उद्या आठ वाजता रक्त द्यायला चार जण या. फुलं पाठवू नका.’

ग्रुपचे ॲडमिन दीरच. त्यांनी दोन मिनिटांत मेसेज पुसला आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

मग तिने शेजारच्या किराणावाल्याला सांगितलं. सकाळी आठला मास्तरांची दोन जुनी गिऱ्हाइकं हॉस्पिटलात हजर. घराण्यातून एकटी दिरांची पोरगी आली. “काकू, पुसायच्या आधी वाचलं मी,” एवढं बोलून ती आत गेली.

साडेआठला दीर तणतणत पोचले. “काय मिळवलंस? आता बोभाटा झाला तर पोरीचं कोण निस्तरणार?”

तिने काचेकडे बोट दाखवलं. पलीकडे त्यांची पोरगी हाताला नळी लावून पडली होती.

“तीन झाले. चौथे तुम्ही.”

“अगं, मी जरा ग्रुपवर…” त्यांनी फोन काढला.

तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. “भाऊजी, लिहून झालं तुमचं. बाही वर करा.”