माझ्या परसात वाळू कुणी टाकली?

परवा सकाळी आमच्या वडगावच्या घरामागं धडधड करत ट्रॅक्टर आला आणि परसाच्या दारात वाळू ओतून गेला... मला वाटलं, शेजारी बांधकाम निघालं असेल. चौकशी केली तर कळलं, बांधकाम माझ्याच परसात निघालंय!

काचबिंदूनं माझी नजर गेली त्याला काही वर्षं झाली. डाव्या डोळ्याला थोडा उजेड आणि सावल्या, उजव्याला तेही नाही. ही पोस्टसुद्धा फोनला बोलून लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सगळा जन्म मागावर साड्या विणण्यात गेला, म्हणून बागेतही मी सूतच वापरते. उरलेल्या सुताला चांगला पीळ घालून दारापासून प्रत्येक वाफ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर दोऱ्या बांधल्यात... हाताला एक गाठ लागली की मेथी, दोन लागल्या की मुळा, तीन म्हणजे वांगी.

वाफ्यातही सूत ताणून बरोबर त्याच्या खाली बी टाकते. सुताखाली उगवलं ते माझं, बाजूला उगवलं ते तण... सरळ उपटायचं. लोक विचारतात, "आक्का, कसं जमतं?" अहो, मेथीचा आणि गवताचा वास काय एक असतो?

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात मी पडले. कोपर सुजलं, बाकी काही नाही. पण माझा मुलगा विनू घाबरला आणि त्यानं परस्पर ठरवून टाकलं... परसात सगळीकडं सिमेंटचा कोबा घालायचा. वाफे नकोत, चिखल नको, आईनं आपलं खुर्ची टाकून उन्हात बसायचं!

खुर्चीत? मी?? तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाहेर येईपर्यंत गवंडी आप्पांनी कामाला सुरुवातही केली होती. तट्... तट्... आवाजावरनं ओळखलं, माझ्या दोऱ्या तुटत होत्या.

"आप्पा, काय तोडलासा?"

"जुनं सूत हाय आक्का, नुसती गुंतागुंत. काढून टाकतो."

धावले असते, पण हाताला काही लागेचना... त्या क्षणी मी माझ्याच परसात पहिल्यांदा आंधळी झाले. लई राग आला. आणि भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू?

मग होते तिथंच मातीत फतकल मारून बसले. म्हटलं, घाला आता कोबा, माझ्यासकट घाला!

विनू धावत आला. "आई, तुझ्या भल्यासाठीच चाललंय गं. परत पडलीस म्हणजे?"

"मी पडले कुठं रं विनू? सांग की आप्पांना."

तो हळूच म्हणाला, "न्हाणीत."

"कशावरनं?"

"टाईल्सवरनं."

दिवाळीत यानंच हौसेनं बसवलेल्या गुळगुळीत टाईल्स! या मातीत मी आजवर एकदाही पडलेली नाही.

आप्पा खो खो हसत सुटले. "म्हंजे फरशीवर पडल्या आक्का, आन शिक्षा मातीला व्हय विनूअण्णा?" विनूही हसला, पण चांगलाच ओशाळला होता.

काल तीच वाळू आणि तेच सिमेंट न्हाणीत गेलं. टाईल्स उखडल्या, पाय घसरणार नाही असा खरखरीत कोबा झाला. तुटलेल्या दोऱ्या विनूनं माझ्याजवळ बसून जोडल्या... त्याच्या गाठी दोनदा सोडायला लावल्या मी. विणकराच्या घरात जन्मला आणि धड गाठ येत नाही!

मायेनं केलं त्यानं, मला कळतं. पण माया करतानाही माणसाला विचारावं लागतं. डोळे गेले म्हणून घरातलं मत जात नाही.

आज सकाळी मी मुळे उपटत होते. मागं पावलं वाजली आणि दारातच थांबली. "आई... आत येऊ?"

जन्मात पहिल्यांदा विचारलं यानं. डोळ्यांत टचकन पाणी आलं... तेवढं काम अजून बरोबर करतात ते.

म्हटलं, "ये. चपला बाहेर काढ."